परक्याच्या हाती दिलेले मन

घरच्या माणसांपाशी जे बोलवत नाही, ते पूर्ण अपरिचितापाशी सहज बोलून जावे, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारिक विशेष होय. आगगाडीत शेजारी बसलेल्या आणि पुढच्या स्थानकावर उतरून कायमच्या दृष्टीआड होणाऱ्या प्रवाशास माणूस आपल्या भावाशी आलेल्या वितुष्टाची सारी हकीकत सांगतो. आणि घरी परतल्यावर त्याच भावाच्या दारावरून मान खाली घालून जातो. जे वितुष्टाविषयी खरे, तेच मनातील उमेदीविषयीही. गावात एखादा मुलगा चोरून कविता लिहीत असतो. एखादी मुलगी हिशेबाच्या वहीच्या मागल्या पानांवर गोष्टी लिहून ठेवते. चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजविणाऱ्या एखाद्या तरुणास ते वाद्यच आपले आयुष्य व्हावे असे वाटत असते. बापास हे सांगावे, तर शेत कोण पाहील आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज कोण फेडील, हा प्रश्न पुढे उभा. मित्रांस सांगावे, तर थट्टा. मग ज्याचे केवळ नाव ऐकले आहे, ज्याचे एखादे पुस्तक हाती आले आहे, अशा दूरच्या माणसास पत्र लिहावेसे वाटते. तो आपणांस ओळखत नाही, हाच त्याचा मोठा गुण. तो हसला तरी आपणांस दिसणार नाही.

अशी पत्रे जगात पुष्कळ लिहिली गेली असतील, आणि त्यांतील कितीएक अनुत्तरित राहिली असतील. काहींना उत्तर आले, आणि त्यांपैकी थोडी काळाच्या तडाख्यातून वाचून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ती वाचताना एक गोष्ट वारंवार डोळ्यांपुढे येते. सल्ला मागणारा आपल्या घरच्या अडचणीत उभा असतो, हे तर उघडच आहे. पण सल्ला देणाराही कोणत्या तरी घरात बसूनच उत्तर लिहीत असतो, आणि त्या घरातील सुखदुःखाचा रंग त्याच्या शाईत उतरल्यावाचून राहत नाही. मागणाऱ्यास मात्र ते घर दिसत नाही. हे प्रत्यक्ष उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होईल.

इंग्लंडच्या उत्तरेस, यॉर्कशर परगण्यातील उघड्या माळरानाच्या कडेला हॉवर्थ नावाचे गाव आहे. तेथील अँग्लिकन धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी यांच्या घरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार आईवेगळी मुले वाढत होती. आई १८२१ साली गेली. दोन थोरल्या बहिणी १८२५ साली शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि एकीमागून एक वारल्या. उरली ती शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. या भावंडांनी लहानपणी काल्पनिक राज्ये वसविली. त्यांचे राजे, त्यांची युद्धे, त्यांची नियतकालिकेदेखील रचली. आणि तळहातावर मावतील एवढ्या चिमुकल्या वह्यांत, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत ती लिहून काढली. ब्रॅनवेल हा एकुलता एक मुलगा. घराच्या साऱ्या आशा त्याच्यावर खिळलेल्या. शार्लट रो हेड येथील शाळेत शिक्षिका झाली होती. दिवसभर मुलींना धडे द्यावयाचे, शिवणकाम करावयाचे, आणि मन मात्र त्या कल्पित राज्यात हिंडत असावयाचे, असा तिचा दिनक्रम होता.

२९ डिसेंबर १८३६ रोजी या वीस वर्षांच्या मुलीने इंग्लंडचे राजकवी रॉबर्ट साउदी यांस पत्र लिहिले आणि सोबत आपल्या कविता पाठविल्या. तीनच आठवड्यांनी, १९ जानेवारी १८३७ रोजी, एकोणीस वर्षांच्या ब्रॅनवेलने कवी वर्ड्‌स्वर्थ यांस तसेच पत्र धाडले. एका घरातून दोन थोर परक्यांच्या दारी दोन अर्ज गेले. त्यांचे जे झाले ते मोठे बोधक आहे.

ब्रॅनवेलचे प्रथम सांगून टाकू, कारण ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. त्याने वर्ड्‌स्वर्थची स्तुती इतकी केली की ती खुशामत वाटावी, आणि हयात असलेल्या बाकीच्या कवींस कवडीमोल ठरविले. वर्ड्‌स्वर्थने उत्तर दिले नाही. त्यास त्या पत्राची किळस आली असे साउदीने पुढे एका पत्रात लिहून ठेवले आहे. मात्र ते पत्र वर्ड्‌स्वर्थने फाडून टाकले नाही, जपून ठेवले, हेही सांगितले पाहिजे. ब्रॅनवेलने खरे म्हणजे सल्ला मागितलाच नव्हता. त्यास हवा होता निकाल, आणि तोही आपल्याच बाजूचा.

शार्लटलाही अडीच महिने वाट पाहावी लागली. साउदी त्या काळी दक्षिणेकडे प्रवासात होता. १२ मार्च १८३७ रोजी लिहिलेले त्याचे उत्तर दीर्घ आणि सौजन्याने भरलेले आहे. आरंभीच त्याने एक मार्मिक भेद केला: तू माझा सल्ला विचारलेला नाहीस, माझे मत विचारले आहेस, परंतु मताची किंमत कदाचित थोडी असेल आणि सल्ल्याची पुष्कळ. काव्यरचनेची शक्ती तिच्यापाशी आहे, आणि ती सामान्य नाही, हे त्याने मान्य केले. पण दिवास्वप्नांत रमण्याची जी सवय तिच्या पत्रावरून दिसते, तिच्यामुळे मनाचे स्वास्थ्य बिघडते आणि नित्याची कामे नीरस वाटू लागतात, असा इशारा दिला. साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही व होऊही नये, असेही त्याने सांगितले. शेवटी मात्र असे म्हटले की, कविता अवश्य लिहीत जा, पण ती कवितेसाठी लिही, कीर्तीसाठी लिहू नकोस. तशी ती लिहिलीस, तर तुझ्या मनाचे त्यात कल्याणच आहे.

या उत्तराचा अर्धा भाग आज मेलेला आहे. स्त्रीविषयीचे त्याचे मत त्या मुलीनेच दहा वर्षांत खोटे करून दाखविले. परंतु मनःस्वास्थ्याविषयीचा तो इशारा वाचताना मी प्रत्येक वेळी थबकतो. कारण त्या वेळी साउदीच्या घरी काय चालले होते हे ठाऊक आहे. त्याची पत्नी ईडिथ हिला १८३४ साली वेड लागले. तिला यॉर्क येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. पुढच्या वर्षी तिला घरी आणले, पण ती बरी झाली नव्हती. शार्लटला उत्तर लिहिले गेले त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती वारली. बासष्ट वर्षांचा हा वृद्ध मनुष्य एका अपरिचित मुलीस मनाचा तोल सांभाळ म्हणून सांगतो, तेव्हा तो पोकळ उपदेश करीत नव्हता, असे मला वाटते. पत्नीचे नाव त्या पत्रात कोठेही नाही. शार्लटने तो इशारा एका विद्वान राजकवीचा म्हणून वाचला असेल; शेजारच्या खोलीतील दुःखातून तो आला असण्याचा संभव तिच्या मनात यावा कसा?

तिने आभाराचे उत्तर लिहिले: वडील धर्मोपदेशक आहेत, प्राप्ती बेताची आहे, मुलांत मी थोरली आहे, दिवसा माझे डोके आणि हात दोन्ही कामात गुंतलेले असतात, सायंकाळी मनात विचार येतात खरे, पण त्यांचा त्रास मी कोणास देत नाही. साउदीने पुन्हा ममतेने लिहिले, आणि त्याच्या प्रांतात कधी आलीस तर भेटून जा म्हणून सांगितले. २१ एप्रिल १८३७ रोजी शार्लटला एकविसावे वर्ष पूर्ण झाले. त्या दिवशी तिने साउदीच्या पत्राच्या वेष्टनावर, हा सल्ला कायमचा जपून ठेवावयाचा, अशी नोंद केली. आणि मग ती लिहीतच राहिली.

या घराची पुढील हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४६ साली तिघी बहिणींनी टोपणनावांनी आपल्या कवितांचे पुस्तक स्वखर्चाने छापले. पहिल्या वर्षात त्याच्या दोन प्रती खपल्या. ऑक्टोबर १८४७ मध्ये शार्लटची ‘जेन एअर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडभर गाजली. साउदी १८४३ सालीच वारला होता. त्यास हे पाहावयास मिळाले नाही. इकडे ब्रॅनवेल १८४५ साली शिक्षकाच्या नोकरीवरून घालविला गेला, तो घरी येऊन दारू आणि अफू यांच्या नादी लागला. भावाबहिणींतील बोलणे जवळजवळ खुंटले. एकाच छपराखाली बहिणींच्या कादंबऱ्यांची मुद्रिते टपालाने येत होती, प्रकाशकांशी पत्रव्यवहार चालू होता. आणि ज्या भावाबरोबर शार्लटने बालपणी ती चिमुकली पुस्तके लिहिली होती, त्यास यातील एक अक्षरही कळविलेले नव्हते. २४ सप्टेंबर १८४८ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो वारला. आपल्या बहिणींनी साहित्यात काय केले हे त्यास अखेरपर्यंत ठाऊक नव्हते, असे शार्लटनेच नंतर लिहिले आहे. वडिलांनादेखील ‘जेन एअर’ छापून बाहेर पडल्यावरच सांगितले गेले. दूरच्या राजकवीला जी गोष्ट वीस वर्षांची मुलगी धीटपणे लिहून कळविते, ती जेवणाच्या मेजावर समोर बसलेल्या भावास सांगता येऊ नये, याचे दुःख त्या घरातील कोणास अधिक झाले असेल, हे सांगणे कठीण आहे.

अमेरिकेतील एमिली डिकिन्सनची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची आहे. ती येथे ओझरतीच सांगतो. एप्रिल १८६२ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाने नवोदितांस मार्गदर्शन करणारा एक लेख लिहिला. तो वाचून एकतीस वर्षांच्या या स्त्रीने त्यास चार कविता पाठविल्या, आणि माझ्या पद्यात जीव आहे का, एवढेच विचारले. पत्राखाली सही नव्हती. नाव एका कार्डावर लिहून ते वेगळ्या लहान पाकिटात घातले होते. हिगिन्सन गोंधळला. रचना खडबडीत आहे, छापण्याची घाई नको, असे त्याने सुचविले. तिने त्याचे आभार मानले, त्यास आपला गुरू म्हटले, आणि कवितेतील एकही गोष्ट त्याच्या सांगण्यावरून बदलली नाही म्हटले तरी चालेल. तरीही काही वर्षांनी तिने त्यास कळविले की, आपण माझा जीव वाचविलात, हे आपणांस ठाऊक नाही. एवढे मोठे उपकार त्या सामान्य सल्ल्याने झाले असतील असे दिसत नाही. कोणीतरी घराबाहेरचा मनुष्य आपले लिहिलेले वाचतो आणि पुन्हा उत्तर पाठवितो, एवढ्यावरच ती स्त्री चोवीस वर्षे तग धरून राहिली असावी.

आता ज्या पत्रव्यवहारासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला, त्याकडे वळू. १९०२ सालच्या शरद ऋतूच्या अखेरीस, ऑस्ट्रियातील व्हीनर नॉयश्टाट येथील सैनिकी विद्यालयाच्या उद्यानात, जुन्या चेस्टनट वृक्षांखाली एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी कवितांचे पुस्तक वाचीत बसला होता. त्याचे नाव फ्रान्त्स झावर काप्पुस. ज्या संताचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत, त्या फ्रान्सिस झेवियरच्या नावाचेच हे जर्मन रूप होय. विद्यालयाचे धर्मगुरू होराचेक तेथून जात होते. अध्यापकांत सैन्याधिकारी नसलेले असे ते एकटेच. त्यांनी पुस्तक हाती घेतले, वरचे नाव पाहिले, आणि आपला जुना विद्यार्थी रिल्के कवी झाला तर, असे आश्चर्याने उद्गारले. पंधरा वर्षांपूर्वी ते सांक्ट पोल्टनच्या सैनिकी शाळेत धर्मगुरू असताना हा मुलगा तेथे होता: शांत, गंभीर, हुशार, सर्वांपासून दूर राहणारा, शाळेची सक्ती निमूटपणे सोसणारा.

काप्पुसला हे ऐकून जणू आपलीच गोष्ट ऐकल्यासारखे झाले. तोही लष्करी पेशाच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि तो पेशा आपल्या प्रवृत्तीच्या अगदी विरुद्ध आहे असे त्यास वाटत होते. त्याने आपल्या कविता रिल्केकडे पाठविल्या आणि सोबत पत्र लिहिले. त्या पत्रात मी माझे मन असे उघडे केले की, तसे ते त्यापूर्वी किंवा त्यानंतर दुसऱ्या कोणापाशीही केले नाही, असे त्याने पुढे नमूद केले आहे. कित्येक आठवडे गेले. मग निळ्या लाखेची मोहोर असलेले, हाताला जड लागणारे एक पाकीट पॅरिसहून आले. पत्राची तारीख होती १७ फेब्रुवारी १९०३.

हा सल्लागार स्वतः सत्तावीस वर्षांचा होता. राइनर मारिया रिल्के प्रागचा. आईबाप त्याच्या लहानपणीच विभक्त झाले. दहाव्या वर्षी त्यास सैनिकी शाळेत धाडले गेले, आणि सुमारे पाच वर्षांनी प्रकृती खालावल्यामुळे तो त्या शिक्षणातून बाहेर पडला. एप्रिल १९०१ मध्ये त्याने क्लारा वेस्टहोफ या मूर्तिकार तरुणीशी विवाह केला. डिसेंबरात रूथ नावाची मुलगी झाली. पैशाची ओढाताण सुरू झाली. १९०२ च्या ऑगस्टमध्ये, मुलगी आठ महिन्यांची असताना, थोर मूर्तिकार रोदां याच्यावर पुस्तक लिहिण्याचे काम पत्करून तो पॅरिसला निघून गेला. संसार मोडला तो मोडलाच. क्लारा मागाहून पॅरिसला आली. लहानगी रूथ आजीआजोबांकडे राहिली.

गंमत अशी की, पॅरिसला पोहोचल्यावर या कवीने स्वतःच एका परक्यापाशी सल्ला मागितला होता. रोदांची भेट झाल्यावर दहा-अकरा दिवसांतच त्यास लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, मी केवळ पुस्तकासाठी आलो नाही. जगावे कसे हे तुम्हांला विचारावयास आलो, आणि तुम्ही उत्तर दिलेत की, काम करून. हे उत्तर रिल्केने जन्मभर उराशी बाळगले. पण ते देणाऱ्याचे घर कसे होते? रोदांबरोबर तरुणपणापासून राहिलेली रोझ बरे हिच्याशी त्याने विवाह केला तो १९१७ च्या जानेवारीत, आणि पुढच्याच महिन्यात ती वारली. कामापुढे माणसे दुय्यम, हा त्या घराचा कायदा होता. तोच कायदा उपदेशाचे रूप घेऊन रिल्केच्या घरी आला, आणि क्लारा व रूथ यांच्या वाट्यास त्याचे फळ आले.

असो. काप्पुसला रिल्केने जे लिहिले, त्यात पहिलीच गोष्ट नकाराची आहे. तुझ्या कविता चांगल्या की वाईट हे मला विचारू नकोस. यापूर्वी इतरांना विचारलेस, संपादकांकडे पाठविल्यास, तेही सोडून दे. तुझ्या आत उतर, आणि रात्रीच्या अगदी निःशब्द घटकेस स्वतःला विचार की, लिहिल्यावाचून मी जगू शकेन काय. उत्तर नाही असे आले, तर आयुष्य त्या गरजेभोवती बांध. आणि लिहिल्यावाचून जगता येत असेल, तर लिहूच नकोस. हे ऐकावयास कठोर आहे. परंतु मागणाऱ्याची वस्तू मागणाऱ्यास परत करणे, एवढा प्रामाणिकपणा सल्ला देणाऱ्यांत फार थोड्यांपाशी असतो. निकाल देण्यात एक प्रकारची गोडी असते. ती रिल्केने टाळली.

त्यानंतर पत्रे येत राहिली: १९०३ साली एकूण सहा, १९०४ साली तीन, आणि मग चार वर्षांच्या खंडानंतर १९०८ च्या नाताळात शेवटचे, दहावे. प्रत्येक उत्तर आठवड्यांनी, कधी महिन्यांनी येई. रिल्के कधी आजारी, कधी प्रवासात. उशिराबद्दल तो पुनःपुन्हा क्षमा मागतो. आज कोणास काही विचारले तर उत्तराची वाट क्षणभरही पाहवत नाही. पण काप्पुसच्या बाबतीत ती वाट पाहणेच उपयोगी पडले असेल. उत्तर हाती येईपर्यंत मूळ प्रश्न थोडा निवलेला, थोडा बदललेला असे.

मे १९०४ मध्ये रोमहून लिहिलेल्या पत्रातील एक गोष्ट मला फार आवडते. काप्पुसने एक सुनीत पाठविले होते. रिल्केने त्यावर टीकाटिप्पणी फारशी केली नाही. त्याने ते सुनीत स्वतःच्या सुंदर हस्ताक्षरात संपूर्ण उतरवून काढले आणि त्यास परत पाठविले. आपलीच कविता दुसऱ्याच्या अक्षरात, जणू परक्याची म्हणून वाच, तुला ती नव्याने कळेल, असे सांगितले. ज्या पालकांच्या हाती मुलांच्या अशा वह्या चुकून लागतात, त्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वहीतील ओळी कोणीतरी काळजीपूर्वक वाचल्या, एवढे त्या मुलास कळणे हेच त्यास कित्येकदा पुरेसे असते.

घरातील ताणाविषयीही रिल्केने लिहिले. जुलै १९०३ च्या पत्रात तो म्हणतो की, आईबाप आणि मुले यांच्यामध्ये जे नाट्य नेहमी ताणलेले असते, त्यात भर घालू नकोस. त्यात मुलांची शक्ती फुकट जाते आणि वडीलधाऱ्यांची माया झिजते. त्यांच्याकडून सल्ल्याची अपेक्षा करू नकोस, ते समजून घेतील अशीही करू नकोस. पण वारशासारखी तुझ्यासाठी साठवून ठेवलेली त्यांची एक माया आहे, तिच्यावर विश्वास ठेव. पहिला अर्धा भाग वाचून कोणी बाप रागावेल, आणि त्याचा राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु दुसऱ्या अर्ध्यात जी गोष्ट आहे ती तुटलेल्या घरात वाढलेल्या मुलानेच ओळखावी अशी आहे: न समजताही माया असू शकते.

मे १९०४ चे जे पत्र वर सांगितले, त्यातच प्रेमाविषयीचे त्याचे प्रसिद्ध विवेचन आहे. दोन माणसांनी एकमेकांत विरघळून न जाता एकमेकांचे एकाकीपण राखावे, त्याचा मान ठेवावा, असा त्याचा आशय. जगभर विवाहप्रसंगी हे विचार लोकांनी उद्धृत केले आहेत. ते लिहिले गेले त्या हिवाळ्यात आणि वसंतात रिल्के आणि क्लारा दोघेही रोममध्येच होती; बिऱ्हाडे निराळी, आणि अडीच वर्षांची मुलगी आल्प्सपलीकडे, उत्तर जर्मनीत. मग हे विवेचन खोटे मानावयाचे काय? मी तसे म्हणणार नाही. पण ज्याच्या घरी चूल एक आणि खोल्या दोन आहेत, ज्याच्या दाराशी रात्री तापाने फणफणलेले मूल रडते आहे, त्याने ते वाचताना हे कोणत्या घरातून आले आहे एवढे ध्यानात ठेवणे बरे.

रिल्केने हे लपविले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. ऑगस्ट १९०४ मध्ये स्वीडनहून लिहिलेल्या पत्रात तो काप्पुसला बजावतो की, तुझे सांत्वन करणारा हा मनुष्य या साध्या शब्दांमध्ये सुखाने नांदत आहे असे समजू नकोस. त्याचे आयुष्य कष्टांनी आणि खेदाने भरलेले आहे, आणि तुझ्या आयुष्याच्याही पुष्कळ मागे पडलेले आहे. तसे नसते, तर हे शब्द त्यास सापडलेच नसते. सल्ला देणाऱ्या किती जणांनी आपल्या सल्ल्याखाली अशी टीप जोडली असेल?

आणखी एक विचार यातून निघतो. रिल्के १९२६ च्या डिसेंबरात वारला, आणि १९२९ साली काप्पुसने ती दहा पत्रे पुस्तकरूपाने छापली. पुस्तक अनेक भाषांत गेले. ‘तरुण कवीस पत्रे’ या अर्थाच्या नावाने ते आजही वाचले जाते. परंतु त्यात काप्पुसने आपली स्वतःची पत्रे घातली नव्हती. ती २०१९ साली जर्मनीत प्रथम प्रसिद्ध झाली. म्हणजे नव्वद वर्षे जगाने केवळ उत्तरे वाचली, प्रश्न वाचले नाहीत. घरगुती वितुष्टाबाबत परक्याची स्थिती याच्या बरोबर उलट असते: त्याच्यापुढे प्रश्न असतो, पण तो एकाच पक्षाने मांडलेला. नवऱ्याने लिहिले असेल तर बायकोचे पत्र त्याच्यापुढे नसते. मुलाने लिहिले असेल तर बापाचे नसते. कवितेच्या बाबतीत हे चालून जाते, कारण कविता संपूर्णच त्याच्या हाती असते. भांडण तसे संपूर्ण कोणाच्याच हाती नसते. म्हणून कवितेविषयी दूरचा परका आणि भांडणाविषयी दोन्ही घरे जाणणारा जवळचा कोणी वडीलधारा, असा भेद आपल्या पूर्वजांनी राखला असेल, तर तो अडाणीपणाने राखला नव्हता.

काप्पुसने सैन्य सोडले नाही. निदान त्या पत्रव्यवहाराच्या काळात तरी नाही. दहाव्या पत्रात रिल्के त्याबद्दल त्याचे अभिनंदनच करतो: दूरच्या ठाण्यावरील तुझी ती नोकरी, तो गणवेश, ती शिस्त, हे सारे वास्तव आहे; कलेच्या आभासात जगणाऱ्या पेशांपेक्षा, उदाहरणार्थ वृत्तपत्रांतील लेखनापेक्षा, ते कलेला अधिक जवळचे आहे. पुढे काप्पुस वृत्तपत्रांतच शिरला, संपादक झाला, लोकांस आवडतील अशा पुष्कळ कादंबऱ्या त्याने लिहिल्या, आणि १९६६ साली त्र्याऐंशी वर्षांचा होऊन बर्लिन येथे वारला. कवीने मायेने ज्या प्रदेशांपासून मला दूर ठेवू पाहिले, नेमके तेथेच आयुष्याने मला लोटले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या कविता आज कोणी वाचीत नाही. त्याने जपून ठेवलेली पत्रे मात्र वाचतात.

आणि रूथ? ती आजोळी वाढली. १९२२ साली तिचे लग्न झाले. वडील लग्नास आले नाहीत. रिल्के वारल्यानंतर तिने आणि तिच्या पतीने एक मोठे काम अंगावर घेतले. युरोपभर विखुरलेली, वडिलांनी ओळखीच्या आणि अनोळखी माणसांस लिहिलेली शेकडो पत्रे त्या दोघांनी मागवून घेतली, तारखांनुसार लावली आणि एकामागून एक खंडांत छापून काढली.